भागुलीआमाचा दगड

गप बसा आता. ती खाट कुरकुरवू नका, आणि मध्येच "पुढं काय झालं" म्हणून विचारू नका. पुढचं पुढं येतं. मी त्या मुलखात बर्फ उपसायच्या मशीनवर उगाच वर्षं काढली नाहीत. तिथल्या म्हाताऱ्यांनी जशी सांगितली तशी सांगतो, पदरचं फारसं घालणार नाही.

आधी जागा सांगतो. जागा कळल्याशिवाय या गोष्टीतलं दुःख कळायचं नाही.

हिमालयात पार आत, जिथं रस्ता संपतो आणि नकाशासुद्धा कंटाळतो, तिथं घोरी नावाची नदी आहे. नदी कसली, पिसाळलेलं पाणी नुसतं! दोन कडे एकमेकांकडे झुकलेत, आणि मधल्या घळीतून ती अशी गर्जत येते, की शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून बोललं तरी ऐकू येत नाही. घळीच्या खाली एक गाव आहे, खालचं सुमाली. घळ चढून गेलं की वर दुसरं गाव, वरचं सुमाली. गावं दोन, पण माणसं तीच. हिवाळ्यात सगळे खाली राहतात, उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन सगळे वर जातात.

आणि वरचं ते रूप काय सांगू! भूर्जाची झाडं, त्यांची साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर हलत असते. त्याच्या वर मैलोन् मैल हिरवी कुरणं. श्रावणात त्यात निळी, पिवळी, जांभळी फुलं इतकी येतात, की पाय कुठं ठेवावा कळत नाही. कुरणाच्या टोकाला काजळताल नावाचं तळं आहे, काळंभोर, आणि त्यात चांदधुरी शिखराची अख्खी सावली पडते. तळ्यामागं खिंड आहे, आणि खिंडीपलीकडं दुसरा मुलूख. आता शहरातली पोरं पाठीवर बोजे बांधून जातात तिथं. फोटो काढतात, "वा वा" करतात. करू देत. पण दिवाळीनंतर त्या जागेत जाऊन बघा म्हणावं! कड्यांवरून बर्फ सुटतो, तो घळीत येऊन सगळं पुसून टाकतो. तिथं हिवाळ्यात कुणी राहत नाही. राहिला तर उरत नाही.

तर फार फार वर्षांपूर्वी, सडक नव्हती, लोखंडी पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे, असं म्हणतात.

त्या घळीवर तेव्हा लाकडी पूल असायचा. देवदाराचे दोन लांबच लांब ओंडके, त्यावर आडव्या फळ्या, आणि दोन्ही तीरांवर दगडी चौथऱ्यात ओंडके पाचरी ठोकून घट्ट बसवलेले. एवढे लांब देवदार सारखे मिळत नसतात. म्हणून बर्फ पडायच्या आधी गाव खाली आलं, की पूल काढून घ्यायचे. शेवटचा माणूस पलीकडच्या पाचरी ठोकून सैल करायचा, सुटलेल्या ओंडक्यांवरून चालत अलीकडे यायचा, आणि मग सगळं गाव दोर लावून ओंडके आपल्या तीराला ओढायचं. ओंडके एका कपारीखाली बांधून ठेवायचे. वसंतात घळीत साठलेला बर्फ दगडासारखा घट्ट झाला की त्यावरून पलीकडे जायचं आणि बर्फ वितळायच्या आत पूल पुन्हा बसवायचा. पण मधले महिने? मधल्या महिन्यांत वरचा माणूस वर आणि खालचा खाली.

आता तुम्ही म्हणाल, सगळे खाली आले हे कळायचं कसं? त्याला त्यांची एक युक्ती होती. हजेरीचे दगड.

उन्हाळ्यात वर जाताना प्रत्येक माणूस, लहान असो मोठा असो, नदीकाठचा एक दगड उचलायचा आणि पुलाच्या अलीकडे एका ओट्यावर ठेवायचा. खाली उतरताना आपला दगड उचलून नदीत फेकून द्यायचा. ओट्यावर दगड उरला म्हणजे वर माणूस उरला. ओटा रिकामा झाला म्हणजे गाव खाली आलं, ओढा पूल! वर जन्मलेलं तान्हं मूल आईच्या कडेवर यायचं, ते आईच्याच दगडात धरलं जायचं. साधी, सरळ पद्धत. कुणाला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालायचं.

या पुलाची राखण एका घराण्याकडे होती. त्या घरातला हरकू नावाचा माणूस पाचरी सोडायचा. एका शरदात सगळं गाव उतरलं, पण ओट्यावर हरकूच्या दगडाशेजारी आणखी एक दगड उरला. हरकू म्हणाला, "कुणीतरी राहिलंय. मी बघून येतो." वरून बर्फ भुरभुरायला लागला होता. लोकांनी अडवलं. त्यानं ऐकलं नाही. तो गेला, आणि मग अख्खा कडा खाली आला. हरकू काही परत आला नाही.

नंतर गावात प्रत्येकानं प्रत्येकाला विचारलं. कुणीच कमी नव्हतं. कुणीतरी उन्हाळ्यात गंमत म्हणून एकाऐवजी दोन दगड ठेवले होते, बस. त्या माणसाचं नाव गावानं कधी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. गंमत! अशा गमतीच्या तोंडात माती.

हरकूची बायको म्हणजे भागुली. पदरात लहान मुलगा, केसर त्याचं नाव. नवऱ्याचे दिवस झाले, आणि तिनं त्याची मोगरी उचलली, पाचरी ठोकायची ती लाकडी मोगरी. म्हणाली, "आता पूल मी राखीन." बाईमाणूस म्हणून काही लोक कुजबुजले. पण पुढच्या शरदात ती सुटलेल्या ओंडक्यांवरून अशी चालत आली, की कुजबुजणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटली. तिचा एक कायदा होता. जो स्वतःच्या पायांनी पूल चढून वर जाईल त्याचाच दगड. दुसऱ्याच्या नावानं दगड नाही, जास्तीचा दगड नाही. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तिला दोष देऊ नका. एका खोट्या दगडानं तिचं कपाळ पुसलं होतं.

अशी वर्षं गेली. केसर मोठा झाला, मेंढ्यांमागं हिंडायला लागला. एका उन्हाळ्यात खिंडीपलीकडून मिठाचे व्यापारी आले, त्यांच्यात एक मुलगी होती. देकी तिचं नाव. बोलायला गेली तर निम्मे शब्द तिच्या भाषेतले, निम्मे हातवारे. केसरचं मन जडलं तिच्यावर. काजळतालच्या काठी तिच्या बापानं दोघांचे हात एकत्र केले, आणि मिठाचा तांडा खिंडीतून परत गेला. देकी मागं राहिली.

भागुलीच्या घरात सून आली, पण तिच्या मनात काही आली नाही. भाषा कळेना, रीत कळेना. सून चुलीत शेणी उलटी लावायची, की सासूच्या कपाळाला आठी. वाईट नव्हती हो भागुली. फक्त तिचं मन त्या पाचरीसारखं घट्ट बसलेलं होतं.

एकदा काय झालं, देकीनं बायकांकडून हजेरीच्या दगडांचं ऐकलं. ती आपली एकटी घळीपर्यंत उतरली, पूल ओलांडून अलीकडे आली, नदीकाठचा एक चपटा पांढरा दगड शोधला आणि ओट्यावर ठेवला. भागुली तिथंच फळ्या दुरुस्त करत होती. तिनं पाहिलं. उठली, तो दगड उचलला आणि देकीच्या डोळ्यांदेखत नदीत भिरकावला.

"मला नाही दगड?" देकीनं विचारलं. म्हणजे तोंडानं एवढं आलं नसेल तिला. बोट ओट्याकडे केलं आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"तू खिंडीतून आलीस. पुलानं नाही आलीस. पुढच्या साली गावाबरोबर खालून चढशील, तेव्हा ठेव."

केसरला कळलं तेव्हा तो आईला म्हणाला, "आई, अगं एक दगड. एका दगडानं काय होतंय?"

"एका दगडानं तुझा बाप गेला," भागुली म्हणाली.

 केसर उठून मेंढ्यांमागं निघून गेला. आणि तिथंच सगळं चुकलं, असं म्हणतात.

त्या वर्षी बर्फ लवकर आला. अजून घरांची दारं मातीनं लिंपून बंद करायची होती, आणि चांदधुरीवरून काळं आभाळ उतरायला लागलं. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. केसर आणि जवान माणसं मेंढ्यांचे कळप घेऊन पहाटेच पुढं गेली, कारण मेंढ्या घळीत अडकल्या तर वर्षभर उपाशी मरायचं. भागुली मोगरी घेऊन पुलाकडे निघाली. निघता निघता तिला दिसलं, आपली लंगडी मेंढी नाही. लाडकी होती तिची. वर कुरणातच राहिली होती.

"देकी, जा, ती घेऊन ये. लवकर ये."

सून गेली. सासूनं सांगितलेलं काम, "नाही" कशी म्हणेल?

इकडे पुलावरून माणसं उतरत होती. डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी गुंडाळलेली, तोंडं झाकलेली, पाठीवर ओझी, कडेवर पोरं. कोण कुणाला ओळखणार? जो तो ओट्यापाशी थांबायचा, आपला दगड उचलायचा, नदीत फेकायचा आणि खाली दोरांकडे पळायचा. ओटा रिकामा होत गेला. शेवटी दगड उरला एकच, भागुलीचा स्वतःचा.

एका बाईनं जाता जाता ओरडून विचारलं, "तुमची सून उतरली का?"

"केसरबरोबर पुढं गेली असेल," भागुली म्हणाली.

आता सांगा, तिला आठवण नसेल झाली? झालीच असेल. तिचा हात मोगरीवर थांबला होता, असं म्हणतात. पण समोर तिचाच दगड होता, दुसरा नव्हता. इतकी वर्षं तिनं डोळ्यांपेक्षा ओट्यावर विश्वास ठेवला होता. ती पलीकडे गेली, पाचरी सोडल्या, सुटलेल्या ओंडक्यांवरून अलीकडे आली आणि स्वतःचा दगड उचलून नदीत टाकला. दोर ताणले गेले. पूल निघाला.

आणि तेव्हा पलीकडच्या तीरावर, बर्फाच्या भुरभुरीत, लंगडी मेंढी खांद्यावर घेतलेली देकी येऊन उभी राहिली.

अरे देवा! ती ओरडत असेल, पण घोरीपुढं कुणाचा आवाज चालतोय? नुसतं तिचं तोंड उघडताना दिसत होतं. तिनं मेंढी खाली ठेवली. पुलाची जागा बघितली. मग ओट्याकडे बघितलं. आणि सासूकडे बघितलं. तिनं हात पोटावर ठेवला, दोन्ही हात. भागुलीला कळलं. सून दोन जिवांची होती, आणि हे तिला आत्ता, नदीच्या या काठावरून कळत होतं. 

"ओंडका परत ढकला!" ती किंचाळली.

लोक म्हणाले, "पलीकडं धरायला, बसवायला माणूस नको का? एकटी पोरगी काय करणार?"

"मी जाते बसवायला."

सगळ्यांनी मिळून एक ओंडका ढकलला. त्याचं टोक पलीकडच्या चौथऱ्याला जेमतेम टेकलं, ना पाचर ना आधार, नुसतं डुगडुगत होतं. भागुलीनं मोगरी कमरेला खोचली आणि त्यावर पाऊल ठेवलं. ती चालत होती तेवढा वेळ घोरी गप्प झाली, असं म्हणतात. पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. लोकांना तिच्या पायांखाली लाकूड करकरताना ऐकू आलं. मीही हे ऐकून हसलो होतो एकदा. मग सांगणाऱ्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, की पुन्हा नाही हसलो.

ती पोचली. तिनं देकीचा हात धरला. आणि नदीला पुन्हा आवाज आला, पण तो नदीचा नव्हता. वरचा कडा सुटला होता.

पांढरा धुरळा खाली बसला तेव्हा ओंडका नव्हता, आणि पलीकडचा चौथराही नव्हता. जिथं पूल टेकायचा ती जागाच कापून नेलेली. त्या दोघी वर एका खडकाला बिलगून उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायांत ती लंगडी मेंढी. भागुलीनं डोक्यावरची काळी चादर काढली आणि हवेत हलवली, खालच्या दिशेनं. जा, जा, म्हणून. खाली घळ भरायला लागली होती, आणि लोकांच्या कडेवर पोरं होती. लोक गेले. रडत गेले, पण गेले. केसरला खालच्या गावात कळलं. त्याला चौघांनी धरून ठेवला नसता तर तो रिकाम्या हातांनी त्या घळीत शिरला असता.

तो हिवाळा त्या दोघींनी कसा काढला, हे बघायला कोण होतं? जे भागुलीनं नंतर सांगितलं, ते थोडंच आहे. बाकीचं गाव म्हणतं.

वरच्या गावातल्या बंद घरांपैकी एक उघडून राहिल्या. लोकांनी बियाणं म्हणून जमिनीत पुरून ठेवलेलं धान्य उकरून खाल्लं. लाकूड संपलं तेव्हा दारं जाळली. भूर्जाच्या सालीची पेज केली. आधी नीट बोलायला दोघींना एक भाषा नव्हती, आणि हिवाळा संपता संपता दोघींची एकच भाषा झाली होती, असं म्हणतात. भागुली सुनेच्या पायांशी झोपायची, तिचे पाय आपल्या पोटाशी धरून.

फाल्गुनाच्या सुमाराला देकीचे दिवस भरले. घरात जाळायला काही उरलं नव्हतं. गावाच्या वर एका खडकाला भेग होती, तिथं बर्फ टिकत नसे, एवढंच भागुलीला माहीत होतं. तिनं सुनेला पाठीवर घेऊन तिथं नेलं. खडक कोमट होता, पण कोमट खडकानं बाळंतिणीचं काय होणार? भागुलीनं कमरेची मोगरी काढली आणि भेगेवर हाणायला सुरुवात केली. हाणत राहिली, हाताची सालटी निघाली तरी हाणत राहिली. आणि खडक फुटला, आतून कढत पाण्याची धार आली, असं म्हणतात. आजही आहे ती धार. बर्फाच्या मधोमध वाफा निघत असतात. लोक तिला बाळंतिणीचं पाणी म्हणतात.

तिथं मुलगी झाली. रडली, जिवंत होती, चांगली धडधाकट. पण देकीचं रक्त थांबेना.

जाताना तिनं सासूला विचारलं, "माझा दगड?"

भागुली उठली. धारेच्या पाण्यात हात घालून तिनं एक पांढरा, चपटा दगड काढला. सुनेच्या मुठीत दिला आणि मूठ मिटवली. म्हणाली, "हा बघ. यंदा ओट्यावर पहिला तुझाच, पोरी." देकी गेली. त्या गरम पाण्यापाशीच तिला पुरली, कारण बाकी सगळी जमीन गोठलेली होती.

आणि पोर? काहीजण म्हणतात, म्हाताऱ्या भागुलीला पान्हा फुटला. काहीजण म्हणतात, ती लंगडी मेंढी व्याली आणि तिच्या दुधावर पोर जगली. मला मेंढीचं खरं वाटतं. ज्या मेंढीपायी आई गेली, तिनंच लेक जगवली. पण तुम्हाला हवं ते धरा.

वसंतात घळीतला बर्फ पुरता घट्ट व्हायच्या आत केसर त्यावरून पळत आला. पलीकडं त्याची आई बसली होती. केस पार पांढरे, मांडीवर काळ्या चादरीत मूल. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"देकी कुठंय?"

भागुलीनं मूल त्याच्या हातात दिलं. मूठ उघडली आणि एक पांढरा दगड त्याच्या तळहातावर ठेवला. पुरताना सुनेच्या मुठीतून काढून घेतलेला. म्हणाली, "हा हिचा. हिची आई नाही, म्हणून हिला स्वतःचा दगड लागेल. मी ठेवू देते."

भागुलीच्या आयुष्यातला तो पहिला दगड, जो पायांनी न चढलेल्या माणसासाठी ओट्यावर ठेवला गेला. केसर आईला एक शब्द बोलला नाही. बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

तो उन्हाळा ती गावात राहिली. खाल्लेल्या बियाण्याच्या बदल्यात प्रत्येकाच्या शेतात राबली. पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं. नवा चौथरा तिनं स्वतः रचून घेतला, हरवलेल्या ओंडक्याच्या जागी गावानं नवा आणला. पुन्हा शरद आला. गाव उतरलं. केसर लेकीला घेऊन आला, तिचा पांढरा दगड ओट्यावरून उचलला. ओटा रिकामा झाला. भागुली पलीकडे होती, पाचरी सोडत. पाचरी सुटल्या. सगळे तिची वाट बघू लागले.

ती आली नाही. तिथंच बसली.

केसर ओंडक्यांपाशी धावला, हात हलवले, ये म्हणून. असं म्हणतात की त्या वेळी घोरी दुसऱ्यांदा गप्प झाली आणि भागुलीचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"माझा दगड गेल्या सालीच नदीत गेला, केसर. मी तर यंदा खालून चढलेच नाही. हजेरीत मी नाहीच. ओढा पूल."

"आई, खुळ्यासारखं काय करतेस? ये!"

"एका पोरीला वर एकटं ठेवून मी एकदा पूल ओढला. पुन्हा तिला एकटं ठेवणार नाही. तिच्यापाशी कुणीतरी पाहिजे."

वर कडे करकरायला लागले होते. पाचरी सुटलेल्या, ओंडके डळमळत होते. ओढले नाहीत तर गावाचा पूल जाणार, आणि पूल गेला तर कुरणं गेली, मेंढ्या गेल्या, सगळं गेलं. लोकांनी दोर धरले. केसरनंही धरला. त्याच्या कडेवर लेक होती, आणि दुसऱ्या हातानं त्यानं आपल्या आईपासून पूल ओढून घेतला. काय वाटलं असेल त्याला, हे मला विचारू नका. मला सांगता येणार नाही.

पुढच्या वसंतात तिला शोधलं. घर झाडून स्वच्छ होतं. बाळंतिणीच्या पाण्यापाशी देकीच्या मातीवर ताजी फुलं होती, बर्फात, फुलांचा मोसम नसताना. भागुली नव्हती. तिची हाडंसुद्धा कधी कुणाला दिसली नाहीत. फक्त हिवाळ्यात वाट चुकलेले मेंढपाळ सांगतात, काळी चादर पांघरलेली एक म्हातारी पुढं पुढं चालते आणि पुलापर्यंत आणून सोडते. मागं वळून बघितलं तर बर्फावर एकाच माणसाची पावलं असतात.

त्याच वसंतात केसरनं वर चढताना दोन दगड ठेवले, एक स्वतःचा आणि एक आईचा. उतरताना स्वतःचा उचलला. आईचा तसाच राहिला. ज्या बाईनं जन्मभर एक जास्तीचा दगड सोसला नाही, तिच्या नावानं ओट्यावर कायम एक जास्तीचा दगड आला. आणि गावानं नियम केला, की ओटा कधी रिकामा होत नाही, म्हणून नुसत्या दगडांवर भरवसा ठेवून पूल ओढायचा नाही. आधी जाऊन हाक मारायची.

आता तिथं लोखंडी पूल आहे. तो कुणी ओढत नाही, ओढायचं कामच नाही. मी पहिल्यांदा वर गेलो तेव्हा ट्रकमध्ये झोपलेलो होतो. पुलाच्या अलीकडं एका म्हातारीनं, हंसाआमा तिचं नाव, आमा म्हणजे तिकडं आजी, ट्रकच्या दारावर काठी आपटली. "उतर. दगड ठेव." मी म्हणालो, "आजी, मी सरकारी माणूस आहे." ती म्हणाली, "बर्फाला सांग ते." ठेवला मी, तोंड वाकडं करून. आणि त्याच शरदात वरच्या पत्र्याच्या खोलीत मी तापानं फणफणून पडलो होतो. गाड्या सगळ्या निघून गेल्या होत्या, आमच्या साहेबाला वाटलं मी दुसऱ्या ट्रकमध्ये बसलो. पण ओट्यावर एकाऐवजी दोन दगड दिसले. माणसं परत चढून आली. म्हणून मी आज इथं बसून तुमच्यावर ओरडतोय.

मला खाटेवरून खाली नेलं तेव्हा हंसाआमा अजून पुलाच्या पलीकडेच होती. गावाच्या गाड्या तिच्यासाठी अलीकडं थांबल्या होत्या. दरवर्षी असंच करतात. गावातली सगळ्यात म्हातारी बाई एकटी पूल ओलांडते, वरच्या बर्फाकडं तोंड करते आणि जीव तोडून हाक मारते, "भागुलीआमा, देकी, चला गं खाली! गाव थांबलंय!"

मग ती उभी राहते. ड्रायव्हर गाडी बंद करतात, पोरं गप्प होतात. वरून कुणी येत नाही. तरी गाव थांबतं, आणि मग म्हातारी एकटीच परत येते.